तारांचा हिशेब

पुण्यात तपकीर गल्लीत एका जिन्याखाली, दोन माणसं जेमतेम टेकतील एवढ्या जागेत, एक दुरुस्तीवाले बसतात. नाव छापू नका म्हणाले. आधीच कामं उरकत नाहीत. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्यासमोर एकाच दिवशी दोन आजारी जोड नेऊन ठेवले. एक वडिलांच्या वेळचा, १९८४ साली घेतलेला, सागवानी व्हीनिअरचा. त्याच्या वूफरभोवतीच्या फोमच्या कडेला बोट लावलं की काळा भुगा पडत होता. दुसरा माझा, सात वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला वायरलेस. दिसायला कोरा करकरीत, पण त्यातला उजवा एका सकाळी गप्प झाला तो झालाच.

वडिलांच्या जोडाचं काम चार दिवसांत झालं. जुनी कड खरवडून मापाची नवी चिकटवली, क्रॉसओव्हरमधले सुकलेले कपॅसिटर बदलले, मागची गंजलेली टर्मिनल्स घासली. वायरलेसचं झाकण त्यांनी उघडलं, बॅटरी मारून आत पाहिलं आणि म्हणाले, "सर, स्पीकर ठणठणीत आहे. कोन चांगला, कॉइल चांगली, खोकं तर काय, फोडायला घण लागेल. बोर्ड गेलाय, आणि बोर्ड मिळत नाही." कंपनीकडे चौकशी केली. मॉडेल बंद झालंय, नव्या जोडावर सवलत देऊ, असं गोड उत्तर आलं.

मग मी एक वेडगळ प्रश्न विचारला. बोर्ड काढून टाका, मागे लाल-काळी दोन टर्मिनल्स बसवा. मी माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरवर वाजवीन. ते हसले. "आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हरच नाही यात. तो पण बोर्डावरच होता." थोडक्यात, चालते हातपाय असूनही तो जोड कामातून गेला होता.

त्याच आठवड्यात वाकडहून भाचीचा फोन आला. "मामा, हॉलमध्ये चांगले स्पीकर घ्यायचेत. ते वायरलेसवाले घेऊ, का तुझ्यासारखे वायरीवाले?" एरवी तिला दोन वाक्यांत वाटेला लावलं असतं. पण त्या दोन जोडांनी माझं तोंड बंद केलं होतं. म्हटलं, रविवारी येतो, ऐकूनच ठरवू.

आधी या दोन जातींत, म्हणजे वायरीवाल्या 'पॅसिव्ह' आणि वायरलेसवाल्या 'ॲक्टिव्ह' स्पीकरमध्ये, फरक काय ते पाहू, कारण दुकानात तो सांगताना भले भले अडखळतात. घरातल्या बहुतेक छोट्या स्पीकरमध्ये दोन आवाज करणारे असतात: साधारण पाच-साडेसहा इंचांचा वूफर आणि इंचभर घुमटीचा ट्वीटर. खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला द्यायचे, ही वाटणी बहुधा दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास होते. पॅसिव्ह स्पीकरमध्ये ती ॲम्प्लिफायरच्या नंतर होते. म्हणजे सगळी ताकद वायरीतून खोक्यात येते आणि तिथली कॉइल्स-कपॅसिटरची चाळणी ती वाटते. ॲक्टिव्हमध्ये हीच चाळणी आधी लागते, सिग्नल अगदी बारीक असताना. मग वूफरला त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर, ट्वीटरला त्याचा. आजकाल ही चाळणी म्हणजे चिपवर चाललेलं गणित असतं. त्यामुळे ती हवी तशी तीक्ष्ण करता येते. आवाज हळू असताना खालच्या सुरांना थोडी उठावणी देता येते आणि मोठा झाला की वूफर फाटू नये म्हणून तीच उठावणी मागे घेता येते. चपलेच्या खोक्याएवढ्या डब्यातून एवढा ढोल कसा निघतो याचं उत्तर तिथं आहे.

आणखी एक जात मधेच घुसते. बाजारात 'ॲक्टिव्ह' म्हणून विकले जाणारे कित्येक स्वस्त जोड फक्त पॉवर्ड असतात. एका खोक्यात ॲम्प्लिफायर कोंबलेला, दुसरं खोकं साधं पॅसिव्ह. ओळखायची खूण सोपी आहे. दुसऱ्या खोक्याला विजेची पिन नसेल आणि पहिल्याकडून त्याच्याकडे फक्त दोन टोकांची वायर जात असेल, तर चाळणी जुन्याच जागी, ॲम्प्लिफायरच्या नंतर आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त पैसे मोजताना ॲक्टिव्हचे मोजू नका.

या साऱ्याचा पाळणा शंभर वर्षांपूर्वी हलला. जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली हलत्या कॉइलच्या स्पीकरवरचा निबंध मांडला. आज तुमच्या घरातला जवळजवळ प्रत्येक स्पीकर त्याच कुळातला. पण तेव्हा खर्ज हवा तर कपाटाएवढं खोकं लागायचं. ते लहान केलं एडगर व्हिल्चर यांनी. १९५४ साली त्यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीनं खोकं घट्ट बंद करून आतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम लावलं, आणि स्पीकर शेल्फावर मावू लागला. 'बुकशेल्फ' हा शब्द तिथून रूढ झाला, आणि ग्राहकांची दिशाभूलही तिथूनच सुरू झाली; पण ते पुढे.

आपल्याकडे या संशोधनाच्या वाटेला न जाता लोकांनी स्वतःचा मार्ग काढला होता. टेपच्या जमान्यात चहाच्या टपरीवर मातीच्या माठाच्या तोंडावर उपडा ठेवलेला स्पीकर ज्यांनी ऐकलाय, त्यांना मागे भोक असलेल्या खोक्याचं शास्त्र वेगळं शिकवायला नको. माठाच्या पोटातली हवा आणि त्याची मान मिळून ठरावीक खालचा सूर फुगवतात. स्पीकरच्या पाठीवरची ती गोल नळी हेच करते. माठाला मात्र सूर निवडता येत नव्हता. त्यामुळे सगळ्या गाण्यांना एकच ढोलकी लागायची.

एकाच स्पीकरची दोन्ही रूपं शेजारी ठेवून पाहायची तर केईएफचं उदाहरण चांगलं आहे. ही इंग्लंडच्या केंट परगण्यातली १९६१ सालची कंपनी. बीबीसीनं सत्तरच्या दशकात बाहेरच्या ध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए नावाचा चिमुकला मॉनिटर घडवला. त्यातले वूफर-ट्वीटर याच कंपनीचे. त्या वारशाला सलाम म्हणून कंपनीच्या पन्नाशीच्या निमित्तानं २०१२ साली एलएस ५० आला. पुढे २०२० साली त्याची नवी आवृत्ती एकदमच दोन अवतारांत निघाली: पॅसिव्ह 'मेटा' आणि ॲक्टिव्ह 'वायरलेस टू'. कोन तोच, घुमटी तीच, बाहेरचा घाटही जवळपास तोच. पॅसिव्हला तुम्ही ॲम्प्लिफायर आणायचा. ॲक्टिव्हमध्ये प्रत्येक खोक्यात वूफरसाठी २८० आणि ट्वीटरसाठी १०० वॅट, शिवाय टीव्हीसाठी एचडीएमआय, वाय-फाय, ब्लूटूथ सगळं आत.

मेटाच्या कागदावर लिहिलंय की आवाज ७९ हर्ट्झपर्यंत सपाट जातो, त्याखाली उतरतो. हा आकडा मी आपल्या तंबोऱ्याला लावून पाहिला. गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ हर्ट्झ. म्हणजे पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज नेमका या स्पीकरच्या उंबऱ्याबाहेर उभा. गायिका काळी चारमध्ये असेल तर तिचा खर्ज १०४ वर, तो अगदी आत. मग भीमसेनजी ऐकताना खर्ज गायब होतो का? नाही होत. जवारी लावलेल्या तारेत मूळ सुरापेक्षा वरच्या स्वयंभू सुरांचाच पसारा मोठा. ते १३८, २०८, २७७ वरचे सूर ऐकून आपला कान खालचा मूळ सूर आपोआप भरून काढतो. तंबोऱ्यानं छोट्या स्पीकरची अशी लाज राखली आहे. डग्ग्याकडे मात्र एवढं सौजन्य नाही. मनगट दाबून काढलेली घुमारी शंभरच्या आत जिथं घसरते, तिथं छोटा पॅसिव्ह हात आखडता घेतो, आणि ॲक्टिव्हमधलं गणित तिथंच बाह्या सरसावतं.

हे सगळं घेऊन रविवारी वाकडला गेलो. सोबत माझा पॅसिव्ह जोड, छोटा ॲम्प्लिफायर, आणि एका मित्राचा उसना ॲक्टिव्ह जोड. ॲम्प्लिफायर धरून दोन्हींची किंमत उन्नीस-बीस. हॉल दहा बाय सोळा, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, एका भिंतीला काचेचं सरकतं दार. टाळी वाजवली तर टाळीची शेपूट ऐकू येत होती. डोळ्यांना कळू नये म्हणून समोर पडदा हवा होता. भाचीनं सोलापुरी चादर काढली, पण ती जाड चादर वरचे सूर खाऊन टाकते. शेवटी तिच्या सासूबाईंनी जुनी वायलची साडी दिली. हवा जिच्यातून आरपार जाते, आवाजही जातो.

दुसरी काळजी आवाजाच्या पातळीची. दोन स्पीकरमध्ये एक किंचित मोठा असला, अगदी एखाद्या डेसिबलनं, तरी माणसं त्यालाच 'सरस' म्हणतात, 'मोठा' म्हणत नाहीत. दुकानदाराला हे पाठ असतं. फोनवरच्या मीटरनं दोन्ही जोड बसल्या जागी सारखे करून घेतले. श्रोते पाच: भाची, जावई, सासूबाई, वरच्या मजल्यावरचे तबला वाजवणारे काका, आणि दोन वर्षांचा नातू, ज्याला ऐकण्यापेक्षा साडीमागे जाण्यात रस.

गाण्यावर कुणाचाच निकाल टिकला नाही. जावई छातीठोकपणे 'हा वायरवाला' म्हणाला आणि चारपैकी दोनदा चुकला. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच झालं असतं. भाचीला पहिल्या फेरीत जो आवडला, तो दुसऱ्या फेरीत बोचला. फक्त तबलेवाले काका दर वेळी बरोबर. "याचा डग्गा भरलाय, पण जरा फुगलाय. त्याचा आटोपशीर आहे, पण पोट नाही त्याला." पोट नाही म्हणाले तो पॅसिव्ह.

मग सहज म्हणून ॲक्टिव्ह जोड भिंतीपासून दीड फूट पुढे ओढला, आणि काका उठून बसले. फुगवटा गेला. पॅसिव्ह उलट भिंतीजवळ सरकवला, त्याला पोट आलं. मी खाली सतरंजी अंथरली, दोघांचाही आवाज स्वच्छ झाला. हे अनपेक्षित नव्हतं, पण एवढं ठळकपणे घडेल असं वाटलं नव्हतं. जोड बदलून जेवढा फरक पडला, त्याहून जास्त तो जागा बदलून पडला. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो. महागडा स्पीकर आणलात म्हणून भिंती दुरावत नाहीत. म्हणूनच म्हटलं की 'बुकशेल्फ' ही दिशाभूल: पुस्तकांच्या कपाटात कोंबलेला बुकशेल्फ स्पीकर हा त्याच्या सगळ्यात वाईट जागी असतो. त्याला कानाच्या उंचीचं स्टँड आणि पाठीमागे हात घालता येईल एवढी मोकळी जागा हवी. इथं ॲक्टिव्हला एक फायदा आहे: बऱ्याच चांगल्या जोडांच्या ॲपमध्ये 'भिंतीला लागून' असं सांगता येतं आणि तो स्वतःच खालचा आवाज आवरतो. ज्या घरात स्टँड ठेवायचा तर सोफा बाल्कनीत टाकावा लागेल, तिथं ही सोय लाखमोलाची.

आता तारा मोजू. वायरलेस म्हटला तरी प्रत्येक खोक्याला वीज लागतेच. म्हणजे दोन पिना, दोन सॉकेट, आणि हॉलच्या ज्या भिंतीला बोर्ड नाही तिथं एक्सटेन्शन. अनेक जोडांना त्याशिवाय आपसांत एक वायर लागते. वर सांगितलेला वायरलेस टू विनातारही जुळतो, पण मग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर. वायर जोडली तर १९२ वर. पॅसिव्हला ॲम्प्लिफायरची एक पिन आणि दोन स्पीकर वायरी. दोन्हीकडे तारा तीनच! भाचीनं बोटांवर मोजल्या आणि म्हणाली, "मग वायरलेस कशाला म्हणतात?" म्हटलं, अगं, फोनपासून स्पीकरपर्यंत नाही म्हणून. स्पीकर वायरीच्या किमती ऐकून घाबरू नका, एवढं इथंच सांगतो. घराच्या वायरिंगची अडीच एमएमची तांब्याची वायर चार-पाच मीटरला उत्तम चालते. सापाच्या कातडीसारख्या वेष्टणातली वायर डोळ्यांसाठी घ्या, कानांसाठी नको.

वॅटच्या आकड्यांचंही तसंच. ८५ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर मीटरभर अंतरावर ८५ डेसिबल देतो, आणि आपलं घरातलं बोलणं साठाच्या आसपास असतं. रात्री जेवणानंतर ऐकताना बहुतेक वेळ एखादा वॅटही खर्च होत नाही. तीन डेसिबल वाढवायला मात्र ताकद दुप्पट लागते, म्हणून ढोल-ताशाच्या एका ठोक्यासाठी गंगाजळी हवी. पन्नास वॅटचा प्रामाणिक ॲम्प्लिफायर वाकडच्या त्या हॉलला पुरून उरतो.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. फेऱ्या संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे सगळं ठीक. पण सकाळी मला अभंग लावायचे असतील आणि सूनबाई ऑफिसला गेली असेल, तर चालू कुठून करायचं?"

सगळ्या संध्याकाळचा हा सर्वांत कामाचा प्रश्न होता, आणि पॅसिव्हवाले आम्ही त्याचं उत्तर नीट देत नाही. ॲम्प्लिफायर चालू करा, इनपुट फिरवा, मग फोनचं गाणं ॲम्प्लिफायरला पोचवणाऱ्या डबीवरचा दिवा लागेपर्यंत थांबा, मग फोन. ॲक्टिव्हवर त्या सत्तरीच्या बाईंनी दोन मिनिटांत फोनवरून लावून दाखवलं. वाय-फायवर स्पीकर गाणं थेट इंटरनेटवरून ओढतो, फोन फक्त हुकूम सोडतो. मध्ये कुणाचा फोन आला तरी अभंग थांबत नाही. ब्लूटूथवर थांबतो, आणि आवाजही दाबून येतो: सीडीतून सेकंदाला १४११ किलोबिट येतात, ब्लूटूथच्या बहुतेक पद्धती ९९० किंवा त्याखालीच थांबतात. अभंगाला ते चालेल. कुणाला नाही चालणार, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

पण ही सोय म्हणजे दुसऱ्याच्या हातातली किल्ली. मार्च २०२५ मध्ये गूगलच्या जुन्या क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ डब्या एका दिवशी जगभर अडून बसल्या. बिघाड कुठलाच नव्हता, आत कोरलेल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. काही दिवसांनी कंपनीनं दुरुस्ती पाठवली म्हणून वाचल्या. मे २०२४ मध्ये सोनोसनं नवं ॲप आणलं, त्यात जुन्या सोयी गळाल्या, लोक इतके भडकले की जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. लाकडी खोक्याला मुदत नसते. माझ्या वडिलांच्या जोडानं रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट, सीडी आणि आता फोन असे चार यजमान पाहिले. दर वेळी बदलला तो मागचा डबा. पॅसिव्ह घेताना आपण नाशवंत भाग बाहेर ठेवतो, ॲक्टिव्हमध्ये तो पोटात घेतो. अमर कोणीच नाही म्हणा. कोकणातल्या दमट हवेत फोमची कड पंधरा-वीस वर्षांत भुगा होतेच, म्हणून घेताना रबराची कड बघून घ्यावी. पण भुगा झालेली कड तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर बदलून मिळते. तिथं बोर्ड बदलून मिळत नाही.

ॲक्टिव्ह म्हणजे आयुष्य कमी, असंही सरसकट म्हणू नये. फिनलंडची जेनेलेक १९७८ साली तिथल्या सरकारी नभोवाणीच्या गरजेतून उभी राहिली आणि पहिल्यापासून ॲक्टिव्हच बनवत आली. स्टुडिओंमध्ये आज बहुतेक असेच मॉनिटर असतात. पण त्यांच्या पाठीवर साधी सॉकेट असतात आणि आत वाय-फाय, ॲप, लॉगिन यांचा बाजार नसतो. नाजूक गोष्ट ॲम्प्लिफायर नाही, तो बाजार आहे.

माझा निवाडा असा. ज्याला ऐकण्याचा छंद आहे, जो दर चार वर्षांनी एखादा डबा बदलत बसणार आहे, ज्याच्याकडे स्टँड ठेवायला कोपरा आहे, त्यानं पॅसिव्ह घ्यावा आणि पैशाचा मोठा वाटा स्पीकरवर लावावा, ॲम्प्लिफायरवर नव्हे. ज्या घरात स्पीकर तीन पिढ्या वापरणार, टीव्हीही त्यावरच चालणार, आणि नातवाचे हात वायरींपर्यंत पोचतात, तिथं ॲक्टिव्ह. अट एकच. पाठीवर ऑप्टिकल किंवा साधं आरसीए सॉकेट हवंच, म्हणजे ॲपनं मान टाकली तरी दोनशे रुपयांच्या वायरीनं स्पीकर वाजत राहील. फक्त वाय-फाय-ब्लूटूथवर जगणारा जोड, मग तो कितीही देखणा असो, मी घेणार नाही आणि कुणाला घेऊ देणार नाही.

भाचीनं ॲक्टिव्ह घेतला. सतरंजी तेव्हापासून फरशीवरच आहे. माझ्याकडे वडिलांचा जोड परत उभा राहिला.

यंदा पाडव्याला तुम्ही खरेदीला निघणार असाल, तर दुकानातल्या सोफ्यावर बसून ठरवू नका. दुकानदाराला विचारा, दोन दिवस घरी लावून बघायला देणार का. नाही म्हणाला तर पुढचं दुकान गाठा. घरी आणल्यावर आधी आवाज मीटरनं सारखे करा, मग जागा बदलून ऐका, मग घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला ते चालू करायला सांगा. आणि पडदा वायलचाच लावा.